एकटा ठिपका

"नकाशाला चाळणी मारलीस का?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"मारते, सर." ती म्हणाली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलात किती कार्बन साठलाय याचा अंदाज बांधायचा, हे तिचं काम. चित्र उन्हाळ्यातलं होतं. पानं गळलेलं रान तपकिरी, बारमाही झाडी हिरवी आणि प्रत्येक रंगाचा हिशोब वेगळा. शेवटी चाळणी मारायची, म्हणजे एकटेदुकटे ठिपके शेजाऱ्यांच्या रंगाचे होऊन जातात. यंत्राच्या बारीकसारीक चुका अशाच निघतात. पण एका पट्ट्यातल्या अफाट तपकिरीत एका झाडाएवढा एकच हिरवा ठिपका होता आणि सकाळपासून तिचा हात चालत नव्हता.

शेजारच्या खुर्चीत आई होती. डोळे तपासून दोघी थेट ऑफिसात आल्या होत्या. डॉक्टरांनी घातलेल्या थेंबांनी आईला सगळं धूसर दिसत होतं.

"गप्प का गं?"

"आई, आपला फणस सापडला."

आई उठलीच. "ह्यांनी लावलेला?"

तिने आईचं बोट धरून पडद्यावर टेकवलं. "हा इथे, हिरवा ठिपका. भोवती आपली वस्ती होती. आता नुसतं राखीव रान."

आई काचेला नाक लागेल इतकी वाकली. "पाणी कोण घालतं त्याला?"

"तिकडे माणसांना जाऊच देत नाहीत, आई. कोण घालणार?"

"तरी हिरवा आहे." आई म्हणाली. "मला एकदा त्याच्याखाली बसायचं होतं गं. एकदाच."

साहेब मागे येऊन उभे राहिले. "हाच ना तो पट्टा? बघा काकू, वस्ती उठली आणि कार्बन केवढा वाढला."

"आम्हीच उठलो ते," आई म्हणाली.

साहेब वरमले. मग त्यांचं लक्ष ठिपक्याकडे गेलं. "हा अजून इथेच?"

"सर, ते खरंच झाड आहे. आमच्या अंगणातलं."

"असेल गं. पण एक ठेवला, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" ते हळूच म्हणाले.

त्यांचं चुकत नव्हतं. नकाशाभर असे कितीतरी ठिपके होते, आणि त्यांतलं कुठलं कुणाचं अंगण होतं, कुणास ठाऊक. तिने बटण दाबलं. हिरवा ठिपका तपकिरी झाला. कार्बनच्या आकड्यात काही फरक पडला नाही. साहेब मान हलवून निघून गेले.

आईचं बोट काचेवर तसंच होतं.

"चल आई, निघू या."

"थांब जरा," आई म्हणाली. "दिसतोय अजून."