उसनी भीती

मालविकाच्या फुप्फुसांना आता जिनाही झेपत नव्हता. म्हणून आनंदनगरीतल्या त्या उंच पाळण्यात तिच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी बसायचं होतं. त्याच्या कपाळावरच्या पट्टीतून त्याला जे जे वाटेल, ते सारं तिला पलंगावर पोहोचणार होतं.

"मी जातो, काकू," पुतण्या निनाद म्हणाला. "मला भीतीच वाटत नाही."

"मग तुझा काय उपयोग? मला जांभया येतील." ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही जा."

श्रीनिवासराव स्टुलावर चढतानाही भिंत धरत. पण वर्षभरात तिनं औषधांखेरीज काही मागितलं नव्हतं.

"डोळे मिटले तर चालेल?"

"मुळीच नाही. आणि पोटभर ओरडा. माझ्यात तेवढा दम नाही."

त्यांनी पट्टी बांधून पाहिली. मालविकानं झटकन पलंगाची कड धरली आणि ती खुदकन हसली.

"अगं बाई! अजून घरातून निघालाही नाहीत!"