सागवानी बैठक

अंदमानच्या समुद्रतळातून ओढून काढलेला तो ग्रॅनाइटचा दगड टिळेकर सरांच्या टेबलावर सागवानी बैठकीत देवासारखा बसलेला असे. बेटांमागची जमीन ताणताणून फाटली, समुद्र उघडला आणि जुन्या खंडाचा एक तुकडा तळाशी मागे राहिला, हा सरांचा गाजलेला सिद्धांत त्या एका दगडावर उभा होता. शर्वाणीची पीएचडीही त्यावरच.

सर सत्कार घ्यायला दिल्लीला गेले होते. दगडाचं वय काढायला ताजा काप हवा म्हणून तिने तो पहिल्यांदाच उचलून उलटा केला. खालच्या बाजूला, खाणीत सुरुंगासाठी पाडतात तसलं गोल भोक होतं. म्हणजे जमिनीवरच्या खाणीतला, कुठल्यातरी जहाजाने तोल राखायला वजन म्हणून भरलेला आणि मग समुद्रात टाकून दिलेला दगड!

या वयात सरांना हा धक्का सोसवेल का, या काळजीने तिने फोनवर चाचरतच सांगितलं.

"तो बैठकीतून काढायला कुणी सांगितलं होतं तुला?" सर कडाडले.

फोन ठेवून तिने रिकाम्या बैठकीकडे पाहिलं. मधोमध सुताराने मापात तासलेली एक खुंटी उभी होती, त्या भोकात चपखल बसणारी.