वरचा बाण

"शलाका मॅडम, तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून बॅकअप कुणी घेतलेलाच नाही. आधी तेवढा घ्या," इनामदार सर म्हणाले.

शलाकाने सवयीने कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला. आधी दिलेली शेवटची कमांड स्क्रीनवर आपसूक आली. न वाचताच तिने एंटर मारलं.

मग वाचलं. कमांड बॅकअप घेण्याची नव्हती, जुना बॅकअप परत भरण्याची होती. ती रजेवर गेली त्याच आठवड्यात सरांनी तिचा शेवटचा बॅकअप या नव्या मशीनमध्ये भरला होता. तीच कमांड आज पुन्हा चालली. जुनी यादी आजच्या यादीवर चढली, आणि किडनीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीतले तिच्या रजेचे सहा महिने पुसले गेले.

फोन वाजला. सरांनी उचलला. "किडनी मिळतेय! मॅडम, यादीत पहिलं कोण?"

स्क्रीनवर पहिलं नाव बेलसरेकाकांचं होतं. त्यांचा फोटो तिने गेल्याच महिन्यात पेपरातल्या श्रद्धांजलीच्या पानावर पाहिला होता.