सुट्टीतली अक्षरं

बसथांब्यावर दुधाची नवी जाहिरात लागली होती. ती वाचता वाचता शलाका थबकली. अक्षर तिच्या वडिलांचं होतं. ते मिरजेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता ते नव्हते आणि त्यांची एकही पाटी उरली नव्हती. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्यांचं एकेक अक्षर आठवून वहीत उतरवत होती.

शलाकाच्या ऑफिसात सगळ्या डिझायनरांच्या कपाळाला दिवसभर पट्टी असे. मनात आलेलं चित्र ती थेट पडद्यावर उमटवायची. सुट्टीत पट्टी बंद असते, असं नीरजाताईंनी सांगितलं होतं. शलाकाला हाताला धरून काम शिकवलं होतं तेही त्यांनीच.

"ताई, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?" ऑफिसात पोचताच शलाकाने विचारलं.

"तुला खरं सुंदर सुचायचं ते सुट्टीतच," नीरजाताई वर न बघता म्हणाल्या. "मग पट्टी बंद कशी करणार गं?"

शलाका पट्टी टेबलावर ठेवून घरी आली. वहीत फक्त 'ळ' राहिला होता. तिने डोळे मिटले. वडिलांचा 'ळ' काही केल्या आठवेना. पुन्हा पुन्हा समोर येत होता तो, तिच्या मनातून न मिळाल्याने ऑफिसातल्या यंत्राने स्वतःच बनवून जाहिरातीत बसवलेला, गुळगुळीत 'ळ'.