उष्टावणाचे छायाचित्र

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या घरी लेकीचे उष्टावण होते. मामाने भरवलेला खिरीचा पहिला घास कस्तुरीने आनंदाने चाटला. मग तोच चिकट चमचा हातोहात फिरू लागला; प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे पाहून हसत तिच्या तोंडात खीर कोंबत होता. सहाव्या घासाला ती ओकली. माझ्या बहिणीने ओकारी पदराने टिपली आणि चमचा पुन्हा वाटीत बुडवला.

"वन्सं, पुरे आता!" पत्नी कळवळली.

"अगं, माझे डोळे मिटलेले आलेत फोटोत."

"अहो, तुम्ही तरी सांगा ना!"

त्या साऱ्यांची मला शिसारी आली होती. मी तावातावाने पुढे झालो.

"अरे, पापाजी तो रह ही गये!" फोटोग्राफर म्हणाला.

मी केस सारखे केले आणि चमचा हाती घेतला.