दीड किलो

काटा दीड किलो जास्तच दाखवत होता.

"काल काय गिळलंस?" मोहिमेच्या प्रमुखाने विचारलं.

लेक काट्यावरून उतरली, पुन्हा चढली. काटा हलला नाही. आठ महिने ती उकडलेल्या भोपळ्यावर होती. गालफडं बसली होती, केस मुठीने गळत होते. "आईशपथ, काही नाही खाल्लं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

आई कोपऱ्यात उभी होती. कारखान्यातली शिंपीण तीच. उन्हावर उडणाऱ्या ज्या विमानातून लेक एकटी समुद्रावरून जाणार होती, त्याच्या पंखांचं कापड तिच्याच हातचं, म्हणून तर तिचा त्याच्यावर काडीचाही भरवसा नव्हता. मागच्या वेळी तिने नाही म्हटलं, तेव्हा लेकीने सुनावलं होतं, "पुन्हा आड आलीस तर मी तुला मेले असं समज." म्हणून यंदा ती आड आली नाही. बटण घट्ट करायच्या निमित्ताने काल तिने लेकीचा जाडजूड कोट घरी नेला आणि अस्तरात शिशाचे छर्रे शिवले. वजन जास्त भरलं की राखीव पायलट जाणार, असं ठरलेलंच होतं. तीही कोणाची तरी लेक होती. असेना!

राखीव पायलट हेल्मेट घेऊन पुढे झाली. आईचा जीव भांड्यात पडला.

प्रमुखाने आधी राखीव पायलटकडे पाहिलं, मग आभाळाकडे. ऊन चढत होतं. दिवसा बॅटऱ्या भरल्या नाहीत, तर अंधार पडल्यावर विमान समुद्रात जाणार. आणि लेकीइतका तयार हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"कोट काढू का?" लेकीने विचारलं.

"वर गोठून मरशील. हीटरला वीज नाही, सगळी मोटारींना लागते." तो मेकॅनिककडे वळला. "पॅराशूट केवढ्याचं?"

"पावणेदोन किलो."

"काढ बाहेर. वर पाव किलोचा फायदाच."

आईने तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. पण लेक हसत होती, आठ महिन्यांत पहिल्यांदा. आईला ते 'मेले असं समज' आठवलं. तिने तोंड मिटलं.

लेकीने धावत येऊन तिला घट्ट मिठी मारली.

"रडतेस काय वेड्यासारखी?" ती कानाशी म्हणाली. "पॅराशूट नसलं म्हणून काय झालं? तुझ्या हातचा कोट आहे ना अंगात."