डोळ्यांवरचा रुमाल

परब बाईंनी डिचोलीची अंधशाळा सत्तावीस वर्षं चालवली. निवृत्त होऊन त्या मुळगावला घरी आल्या आणि दोन वर्षांत काचबिंदूने त्यांचेच डोळे गेले. "तुमचं बरं आहे आई, तुम्हांला ब्रेल येतं," असं म्हणून सून जुन्या विद्यार्थिनीचं, शेवंतीचं, जाड पत्र त्यांच्या हातात द्यायची आणि कामावर निघून जायची. संध्याकाळी विचारायची, "काय म्हणते शेवंती?"

"खुशाल आहे," बाई सांगायच्या.

चार पत्रांनंतर शेवंती स्वतःच आली. खनिजाच्या ट्रकांच्या घरघरीतही बाईंनी तिच्या काठीची टकटक ओळखली.

"बाई, दर शनिवारी आम्ही जुनी मुलं शाळेत जमतो. चार शनिवार तुमची खुर्ची मांडून ठेवली. पत्रं पावली ना?"

"पावली."

"मग आलात का नाही?"

बाईंनी चारही पत्रं तिच्या हातात ठेवली. "तूच वाचून दाखव गो. मी जन्मभर ठिपके डोळ्यांनी बघून वाचले. बोटाला काही कळत नाही."

शेवंतीने वरच्या पत्रावरून बोट फिरवलं. लहानपणी तिला थोडं दिसायचं. कागदाला नाक लावून ती ठिपके बघायची, तेव्हा बाईंनीच तिचे डोळे बांधून तिचं बोट कागदावर धरलं होतं.

"माझ्या डोळ्यांवर तर रुमाल बांधलात, बाई."

"तुझ्या बांधला गो. माझ्या बांधणारं कोणी नव्हतं."